सोलापूरच्या उन्हात कण्हेर: जागा, खड्डा, पाणी आणि छाटणी

एप्रिल संपत आला की सोलापुरात अंगणातल्या बागेचा खरा निकाल लागतो. जुळे सोलापूर असो, विजापूर रोड असो की होटगी रोडकडची नवी वसाहत, दुपारी एक चक्कर मारून बघा. गुलाब करपलेले, जास्वंदीची पानं लोंबलेली, आणि फाटकाशेजारची कण्हेर मात्र फुलांनी लगडलेली. पारा ४२-४३ अंशांवर आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, अशा गावात बारा महिने हिरवं राहणारं झुडूप हवं असेल तर माझ्या मते कण्हेरीला तोड नाही. महामार्गाच्या दुभाजकात तिलाच लावतात ते उगाच नाही. टँकरचं पाणी कधीतरी, धूर-धुळीचा मारा रोजचा, तरी ती पानं टाकत नाही आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांचा झोतही अडवते.

तरीसुद्धा घरोघरी कण्हेर बिघडलेली दिसते. कुठे नुसतीच उंच वाढून खालून बोडकी झालेली, कुठे पिवळी पडलेली, तर कुठे घरात रांगतं मूल आलं म्हणून घाईघाईने उपटून टाकलेली. बहुतेक वेळा कारण एकच असतं: जागा न बघता लावली आणि मग पाण्याचे फार लाड केले. म्हणून इथे जागा, खड्डा, पाणी आणि छाटणी यांवर सविस्तर लिहितो. खताला दोन-चार ओळी पुरेत.

आधी विषाचं

कण्हेरीचं पान, फूल, खोड, मूळ, शेंग, बी, चीक, सगळंच विषारी आहे. ओलिअँड्रिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. आयुर्वेदातही करवीराची, म्हणजे कण्हेरीची, गणती उपविषांत होते. पान वाळलं म्हणून विष जात नाही, उकळलं म्हणूनही जात नाही. उलट ओलं पान कडू लागतं म्हणून जनावर तोंड फिरवतं, पण वाळलेलं पान कडब्यात मिसळलं गेलं तर नकळत खाल्लं जातं. गाय, म्हैस, शेळी, कोणालाही थोडीशी पानंसुद्धा जिवावर बेततात.

हे वाचून कण्हेर लावूच नये असं वाटेल, पण पिढ्यान् पिढ्या ती देवळांच्या आवारात आणि वाड्यांच्या परसात आहेच. हात लावल्याने विषबाधा होत नाही; पोटात गेल्याने होते. चीक कातडीला लागला तर काहींना खाज सुटते, डोळ्यात गेला तर चांगलीच आग होते. त्यामुळे नियम थोडे आणि पक्के ठेवायचे.

घरात चार-पाच वर्षांच्या आतलं मूल असेल, किंवा दारात शेळी-गाय बांधलेली असेल, तर सध्या कण्हेर नको. अडुळसा किंवा कुंती लावा, दोन्ही बारमाही हिरवी आहेत. कुंतीला पाणी थोडं जास्त लागतं एवढंच. मूल शाळेत जायला लागलं, सांगितलेलं कळायला लागलं, की मग कण्हेरीचा विचार करा.

पूजेची फुलं हा आपल्याकडचा खास मुद्दा. सिद्धेश्वरांनी स्थापन केलेल्या अडुसष्ट लिंगांचं हे गाव. श्रावणात आणि महाशिवरात्रीला पांढरी कण्हेर महादेवाला वाहणारी घरं गल्लोगल्ली आहेत. फुलं जरूर वाहा, पण तीर्थाच्या पेल्यात, पंचामृतात किंवा प्रसादाच्या ताटात कण्हेरीचं फूल पडू देऊ नका. फुलं तोडल्यावर हात साबणाने धुवा. आणि ते निर्माल्य गाईपुढे टाकू नका. पुण्याच्या भावनेने टाकलेलं निर्माल्यच तिच्या जिवावर उठेल. पोळ्याला-बेंदराला बैलांच्या गळ्यात घालायच्या माळेतही कण्हेर नको, झेंडू आहेच की.

चुकून कुणी पान किंवा बी चावलं, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. १०८ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात, नाहीतर सरळ सिव्हिलला न्या आणि जाताना झाडाची एक डहाळी सोबत घ्या, म्हणजे डॉक्टरांना विष ओळखायला वेळ लागणार नाही. मळमळ, उलट्या, पोटात कळ, चक्कर, नाडी मंद किंवा अनियमित होणं ही लक्षणं आहेत. ती दिसेपर्यंत थांबू नका.

कोणती कण्हेर आणायची

रोपवाटिकेत जाताना नाव नीट सांगा. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तिला गन्नेरू म्हणतात, कन्नड घरांत कणगिले. पिवळ्या घंटेसारख्या फुलांची, हिरव्या टोकेरी फळांची जी असते, जिच्या बिया पोरं बिट्ट्या म्हणून खेळायला घेतात, ती पिवळी कण्हेर म्हणजे वेगळंच झाड. तीही कणखर आहे, पण तिच्या बिया फारच घातक, आणि खाली पडलेलं फळ मुलांना खेळण्यासारखंच दिसतं. घराच्या अंगणात मी ती सुचवणार नाही.

खऱ्या कण्हेरीत गुलाबी, पांढरी आणि लाल असे रंग सहज मिळतात. एकेरी पाकळ्यांची आणि डबल असे दोन प्रकार. डबल गुलाबी नर्सरीत बघताक्षणी आवडते, पण तिची सुकलेली फुलं गळून पडत नाहीत; तपकिरी चिंध्यांसारखी फांदीवरच लोंबत राहतात आणि पावसात कुजतात. एकेरी फुलं आपली आपण झडतात. रोज झाडाशी वेळ घालवायचा नसेल तर एकेरीच घ्या. गुलाबी एकेरीला मंद गोडसर वासही असतो. बुटक्या जातीही आता मिळतात. त्या कुंडीला किंवा वाटेच्या कडेला बऱ्या.

रोप निवडताना उंचीला भुलू नका. दीड-दोन फुटांचं, बुंध्यापासून तीन-चार फांद्या फुटलेलं रोप पाच फुटी एकदांडी रोपापेक्षा कितीतरी चांगलं. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत घुसलेलं असेल तर ते सोडा. शेंड्याच्या कोवळ्या कळ्यांवर पिवळे ठिपके हलताना दिसले तर तो मावा आहे, दुसरं रोप मागा.

जागा: निम्मं काम इथेच होतं

कण्हेरीला रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. दोन इमारतींच्या बोळात, आंब्याखाली किंवा उत्तरेच्या भिंतीला ती जगेल, पण उजेडाकडे मान ताणून उंच-बारीक होईल आणि फुलं नावाला येतील.

सोलापुरात तिची सगळ्यात उपयोगाची जागा म्हणजे घराची पश्चिम बाजू. दुपारी दोन ते सहाचं ऊन भिंत तापवतं आणि ती भिंत रात्री अकरापर्यंत खोली भाजत राहते. पश्चिमेला कण्हेरीची ओळ असेल तर भिंतीवर सावली पडते, धूळही पानांवर अडते. भिंतीपासून निदान तीन फूट अंतर सोडा, नाहीतर एका बाजूने तापलेल्या भिंतीची धग आणि दुसऱ्या बाजूने ऊन, असं झाड मधल्या मध्ये सापडतं. शिवाय छाटायला मागे जाता येत नाही. कुंपणासाठी ओळ लावायची असेल तर दोन रोपांत चार ते पाच फूट, एकटं डेरेदार झुडूप हवं असेल तर चहूबाजूंनी सहा-सात फूट मोकळे ठेवा. मोकळी सोडलेली कण्हेर दहा-बारा फूट सहज जाते.

कुठे लावू नये तेही सांगतो. जमिनीतल्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाजवळ किंवा आडाच्या काठाला नको. पानं-फुलं पाण्यात पडायला नकोत. मुलांच्या झोक्याजवळ नको. आणि रस्त्याकडच्या कुंपणाला अशी नको की फांद्या बाहेर झुकतील. आपल्याकडे मोकाट जनावरं रात्री रस्त्याने फिरतात आणि तोंडासमोर आलेलं ओढतात. कुंपणाच्या आत चार फूट घ्या, बाहेर झुकणारी फांदी दिसली की कापा.

खड्डा आणि माती

सोलापूरच्या प्लॉटवर साधारण तीन तऱ्हेच्या जमिनी सापडतात. जुन्या शेतजमिनीवर पडलेल्या वसाहतीत खोल काळी माती. उंचवट्याच्या भागात वीतभर माती आणि खाली मुरूम. आणि नव्या बांधकामावर तर माती कुठली, विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा आणि भरावाचा मुरूम.

यातली कण्हेरीला सगळ्यात सोपी जमीन मुरमाची. पाणी साचत नाही, मुळं फटींतून खोल जातात. इथे दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. पहारीने तळ फोडून घेतला तर फारच उत्तम. काढलेल्या मुरमातला बारीक भाग, तेवढीच काळी माती आणि दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, एवढं मिश्रण पुरतं. भरावाच्या जमिनीत मात्र सिमेंटचे गोळे आणि प्लॅस्टिक वेचून बाहेर काढा आणि माती बाहेरून आणा.

अवघड जमीन काळी. ही माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. लोक काय करतात, काळ्या मातीत मोठा खड्डा घेतात आणि तो वाळू, कोकोपीट, शेणखत अशा भुसभुशीत मालाने भरतात. दिसायला छान. पण पाऊस पडला की आजूबाजूची चिकण माती पाणी सोडत नाही आणि सगळं पाणी त्या भुसभुशीत खड्ड्यात गोळा होतं. मुळं कुजतात. आपला पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, पण त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये चार-दोन झोडपण्यांत पडतो. जूनमध्ये लावलेलं, ऑगस्टपर्यंत टवटवीत असलेलं रोप नेमकं तेव्हा पिवळं पडतं आणि माणूस म्हणतो, रोगच आला.

म्हणून काळ्या जमिनीत आधी परीक्षा घ्या. दीड फूट खड्डा खणा, संध्याकाळी पाण्याने काठोकाठ भरा आणि सकाळी बघा. पाणी जिरलं असेल तर तिथेच लावा. तळाला पाणी उभं असेल तर खड्ड्यात लावण्याचा नाद सोडा आणि उंचवटा करा: चार फूट व्यासाचा, कडेपेक्षा फूटभर उंच, उतरत्या कडांचा. त्यासाठी जागेवरचीच काळी माती तीन भाग, चाळलेला मुरूम दोन भाग आणि शेणखत एक भाग. नदीची वाळू आता परवडत नाही आणि लागतही नाही. चाळलेला मुरूम तेच काम करतो. उंचवट्याखालची जुनी माती टिकावाने आधी खिळखिळी करून घ्या, म्हणजे मुळांना खाली जाताना भिंत लागणार नाही.

आपल्या भागात मातीत चुनखडी भरपूर. सुदैवाने कण्हेरीला चुनखडी आणि थोडासा खारटपणा दोन्ही चालतात, म्हणून माती आंबट करण्याच्या खटपटीत पडू नका.

लावणी

चांगली वेळ म्हणजे मृगाचा पहिला बरा पाऊस होऊन माती खाली वीतभर ओली झाल्यावर. ती हुकली तर परतीचा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. मार्चनंतर लावू नका. जगवता येतं, पण कशाला?

संध्याकाळी लावा. पिशवी पाण्यात पाच मिनिटं बुडवून काढा, उभी चिरून टाका. मुळं गोल-गोल गुंडाळलेली असतील तर बोटांनी मोकळी करा, फार गुंतलेली असतील तर तीन-चार ठिकाणी उभा छेद द्या. पिशवीत मातीची जी पातळी होती तीच जमिनीत ठेवा; खोड खोल गाडायचं नाही. माती पायाने नाही, हाताने दाबा. बुंध्यापासून वीतभर लांब गोल आळं करा आणि दोन बादल्या पाणी द्या. मुरमाच्या जमिनीत आळं खोलगट असावं, काळ्या जमिनीत मात्र पावसाळा सुरू झाला की आळ्याची एक बाजू फोडून पाण्याला वाट द्या.

मग धीर करून शेंडे खुडा. प्रत्येक फांदीचा वरचा चार-पाच बोटांचा भाग काढला की खालून फुटवे येतात आणि झुडूप पहिल्यापासून भरगच्च होतं.

पाणी

कण्हेर मूळची ओढ्या-नाल्यांच्या काठची. पावसाळ्यात पाय पाण्यात, उन्हाळ्यात कोरडा दगड, अशा जागी वाढलेली. तिचं पान उलटं करून भिंगाखाली बघा. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक खळगे दिसतात, आत पांढुरकी लव असते. पानाची श्वास घेण्याची छिद्रं त्या खळग्यांच्या तळाशी दडलेली असतात. वरून गरम वारा वाहिला तरी लवेमुळे खळग्यातली ओल टिकते आणि पानातलं पाणी कमी उडतं. वरची बाजू जाड, चामड्यासारखी. एवढी तयारी असलेल्या झाडाला रोज तांब्याभर पाणी घालण्यात अर्थ नाही. उलट रोजच्या तांब्याने वरची दोन बोटं माती ओली राहते, मुळं तिथेच घुटमळतात आणि तुम्ही आठवडाभर गावाला गेलात की झाड माना टाकतं.

पाणी क्वचित आणि भरपूर द्या, आणि त्यासाठी आपलं नळाचं वेळापत्रक सोयीचंच आहे. पहिल्या वर्षी पावसाने ताण दिला तर आणि नंतर हिवाळाभर, नळाला पाणी येईल त्या दिवशी एका रोपाला एक बादली. पहिल्या उन्हाळ्यात त्याच दिवशी दोन बादल्या, सावकाश, जिरेल तशा. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी दोन बादल्या. तिसऱ्या वर्षापासून झाड आपलं आपण जगतं, पण एप्रिल-मेमध्ये पंधरवड्यातून एकदा भरपूर पाणी दिलंत तर फुलं हटत नाहीत. पावसाळ्यात पाणी बंद.

काळ्या मातीत वरून भेग पडली म्हणून खाली कोरडं आहे असं समजू नका. आळ्याच्या कडेला खुरप्याने चार बोटं खणा आणि माती मुठीत दाबा. लाडूसारखी वळली तर पाणी नको. भुगा झाला तर द्या. भेगा मात्र बुजवत राहा, कारण त्या बारीक मुळं तोडतात आणि खालची ओल उडवून लावतात. रब्बी ज्वारीत आपले शेतकरी कोळपणी करून भेगा बुजवतात ते यासाठीच. तुम्ही पंधरा दिवसांतून एकदा खुरपं फिरवा.

त्याहून सोपं म्हणजे आच्छादन. उसाचं पाचट, शेंगांची टरफलं, वाळलेला पाला, जे मिळेल ते तीन-चार बोटं जाडीने आळ्यात पसरा. बुंध्याला चिकटवू नका, चार बोटं जागा मोकळी सोडा, आणि महिन्यातून एकदा हलवून वाळवी नाही ना ते बघा.

बोअरचं पाणी क्षारयुक्त असलं तरी कण्हेर सहन करते. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी तिला बिनदिक्कत घाला. गुलाबाला जे पाणी बाधतं ते हिला चालतं. फक्त पावसाळ्यात साठलेले क्षार धुऊन जातील असा निचरा हवा. भांडी-कपड्यांच्या साबणाचं पहिलं पाणी नको, कपडे खळबळल्याचं शेवटचं चालेल.

छाटणी: खरी मेहनत इथे

कण्हेरीला फुलं येतात ती नव्या फुटीच्या शेंड्याला. छाटली नाही तर दरवर्षी शेंडे वर-वर जातात, फुलं पहिल्या मजल्यावरच्यांना दिसतात आणि तुमच्या वाट्याला उघडे बुंधे येतात. झाडाला फुलं येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या झाडाला कात्रीच लागलेली नसते.

वेळ लक्षात ठेवायला सोपी: सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा उठला आणि थंडी ओसरायला लागली की, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य. तेव्हा छाटलेलं झाड फुटवे काढून उन्हाळ्यात फुलतं. मेमध्ये छाटू नका, उघडी पडलेली खोडं उन्हाने भाजतात. छाटणीनंतर झाडाला भरपूर पाणी द्या. डाळिंबाला बहारासाठी पाणी तोडून ताण देतात, तसा ताण हिला देण्याची गरज नाही.

पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा घाला. कात्री धारदार हवी, बोथट कात्रीने फांदी चेचते. आधी वाळलेल्या, मोडलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढा. मग सगळ्यात जुने, राखाडी सालीचे बुंधे बघा. तीन-चार वर्षांनंतर दरवर्षी त्यातले एक-दोन जमिनीपासून वीतभरावर कापा, म्हणजे तळातून नवे धुमारे येतात. उरलेल्या फांद्या एक तृतीयांशाने कमी करा. कुठे कापायचं? फांदीवर बारकाईने बघा: तीन पानं एकाच गाठीवर चक्राकार बसलेली असतात. त्या गाठीच्या अर्धा बोट वर कापलंत की प्रत्येक पानाच्या बगलेतून एक असे बहुधा तीन फुटवे निघतात. दोन गाठींच्या मध्येच कापलंत तर वरचा तुकडा वाळून काडी होते आणि झाड वाईट दिसतं.

लांब, जोडीने आलेल्या शेंगा दिसल्या तर फुटून कापूस उडण्याआधी काढून टाका. फार जुनं, बोडकं झालेलं झाड असेल तर सगळंच फूट-दीड फुटावर कापा. भीती वाटते, पण मुळं धडधाकट असतील तर ते फुटतंच. पहिल्या वर्षी फुलं कमी येतील.

आता कापलेल्या फांद्यांचं काय? छाटणीचे दिवस नेमके हुरड्याचे. कण्हेरीच्या काटक्या आगटीत घालायच्या नाहीत, बंबात नाहीत, चुलीत नाहीत. तिच्या धुरातही विष असतं. कणसं किंवा भाजी भाजायला तिची काडी वापरायची नाही. पाला रस्त्याच्या कोपऱ्यावर टाकला तर जनावरं खातील. पोत्यात भरून तोंड बांधा आणि घंटागाडीतच द्या, देताना काय आहे ते सांगा. शेताच्या बांधावर तर अजिबात टाकू नका.

खत

छाटणीनंतर एक घमेलं शेणखत, पावसाच्या तोंडावर आणखी एक आणि त्यात दोन मुठी निंबोळी पेंड. युरिया घातलात तर पानं हातभर लांब होतील, फुलं कमी येतील आणि कोवळ्या फुटीवर मावा आलाच म्हणून समजा.

कीड आणि पिवळी पानं

कण्हेरीचा नेहमीचा पाहुणा म्हणजे चकचकीत पिवळा मावा, काळ्या पायांचा, कळ्यांच्या देठांवर दाटीवाटीने बसणारा. पाण्याचा जोराचा फवारा सकाळी दोन-तीन दिवस मारा, निम्मं काम होतं. उरला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी घोटून संध्याकाळी फवारा. झाडावर लाल-केशरी पाठीचे ठिपक्यांचे ढालकिडे दिसत असतील तर फवारणी थांबवा, ते मावाच खातात. पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड असेल तर फांद्या विरळ करा, बोळ्याने पुसा, नंतर तेच तेल.

पानं रात्रीत फस्त झाली आणि खाली काळपट जाड लेंड्या दिसल्या, तर वर बोटभर जाडीची हिरवी अळी शोधा. डोक्यामागे दोन निळे डोळे काढल्यासारखे दिसतात. उचलून लांब सोडा, एवढंच. आणि काळ्या शिंगांसारख्या तंतूंच्या चार जोड्या असलेली पट्ट्यापट्ट्यांची अळी दिसली तर तिला राहू द्या. ती कॉमन क्रो या काळपट तपकिरी फुलपाखराची. आठ-पंधरा दिवसांत पानाखाली तिचा कोष लटकतो, चांदीचा मुलामा दिल्यासारखा झळाळणारा. त्यात बघणाऱ्याचा चेहरा वाकडा-तिकडा दिसतो. चार पानं गेली तर जाऊ द्या, मुलांना लांबून दाखवा.

पिवळ्या पानांचं निदान जागेवरून करा. सगळ्यात खालची, जुनी पानं एक-दोन करत पिवळी पडून गळत असतील तर ते नेहमीचं आहे. बरीच पानं एकदम पिवळी, माती ओली आणि कुबट वासाची: पाणी साचलंय, आळं फोडा, पाणी बंद करा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या: चुनखडीमुळे लोह मिळत नाही. लिटरला पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एका लिंबाचा रस घालून कोवळ्या पानांवर संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी परत एकदा.

कुंडीत

जमीन नसेल तरच. बुटकी जात आणि सोळा-अठरा इंची सिमेंटची कुंडी घ्या. काळी प्लॅस्टिकची कुंडी गच्चीवर मेमध्ये मुळं शिजवते. कुंडी विटांवर ठेवा, भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. कुंडीतल्या कण्हेरीला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, म्हणजे तिचा निम्मा फायदा गेलाच.

फांदीपासून रोपं

जुलैमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीची, ना कोवळी ना पार जून अशी वीतभर फांदी गाठीखाली तिरकी कापा. खालची पानं काढा, वरची चार ठेवून अर्धी कापा. पाण्याच्या अपारदर्शक डब्यात तीन बोटं बुडवून सावलीत ठेवा, पाणी दोन-तीन दिवसांनी बदला आणि ते कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागणार नाही असं मोरीत ओता. तीन-चार आठवड्यांत पांढरी मुळं दोन बोटं लांब झाली की माती आणि चाळलेला मुरूम निम्मा-निम्मा भरलेल्या पिशवीत लावा, महिनाभर हिरव्या जाळीखाली ठेवा, मग हळूहळू उन्हात काढा. सरळ पिशवीत खोचलेल्या फांद्याही पावसाळ्यात लागतात, थोड्या सावकाश.

पुढच्या मृगात ती जमिनीत लावण्याजोगी होतात. शेजारी-पाजारी वाटाल तेव्हा पिशवीवर खडूने रंग लिहा, आणि देताना विषाचं तोंडी सांगा. घरात लहान मूल किंवा दारात जनावर आहे का, ते आधी विचारूनच पिशवी हातात द्या.